नाव, क्रमांक आणि आवृत्ती : यंत्र-आरेखनांच्या दप्तराचा इतिहास

यंत्राच्या आरेखनास, म्हणजे कारखान्यात ज्यास ड्रॉइंग म्हणतात त्यास, चित्रापेक्षा आज्ञापत्र म्हणणे अधिक युक्त होय. चित्रातून पाहणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा. आरेखनातून मात्र लेथवरील कारागिरास एकच अर्थ मिळाला पाहिजे. हा एकच अर्थ टिकविण्यास रेषा आणि मापे बिनचूक असणे पुरेसे नसते. हातातील कागद नेमका त्याच भागाचा आहे काय, आणि आज जो लागू आहे तोच हा कागद आहे काय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावरूनच मिळावी लागतात. त्यांपैकी पहिला प्रश्न नावाचा आहे व दुसरा काळाचा.

आरेखनांच्या संगणकीय फाइली सांभाळण्यासाठी स्वतंत्र प्रणाली प्रचारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. त्यापूर्वी आगगाड्यांची एंजिने, जहाजे, विमाने आणि अवकाशयाने अशा प्रणालींवाचूनच घडली, आणि आजही अनेक लहान कारखान्यांना त्या परवडत नाहीत. तेव्हा ही व्यवस्था पूर्वी कशाच्या आधाराने चालत असे, हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या जिज्ञासेचा नाही. तिच्या इतिहासाचे निरीक्षण केले असता असे दिसून येते की, तिचा आधार कपाट किंवा यंत्र हा नव्हता. एका वस्तूस एकच नाव, एका नावास एकच मूळ प्रत, आणि बदल झाला की त्याची नोंद, हे तीन संकेत हाच तिचा खरा आधार होता. जेथे हे संकेत पाळले गेले तेथे साधी नोंदवही पुरली. जेथे ते मोडले तेथे उत्तम साधनेही निरुपयोगी ठरली.

१. ग्राहकाच्या नावाची आरेखने

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमजवळ बोल्टन आणि वॉट ह्यांची भागीदारी वाफेची एंजिने घडवीत होती. त्यांची पत्रे व आरेखने आज बर्मिंगहॅमच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेली आहेत. प्रत्येक एंजिन विशिष्ट खाणीसाठी वा गिरणीसाठी घडे. त्यामुळे त्याची आरेखनेही त्या त्या ग्राहकाच्या एंजिनाची म्हणून एकत्र ठेवली जात. प्रतींची अडचण जेम्स वॉटला चांगलीच जाणवली होती. पत्रांच्या नकला करण्याच्या यंत्राचे पेटंट त्याने १७८० मध्ये घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर पातळ ओलसर कागद दाबला की त्यावर उलटी अक्षरे उमटत आणि ती कागदाच्या मागील बाजूने सुलटी वाचता येत. हातची चूक न होता मुळाबरहुकूम नक्कल मिळविण्याचा हा एक आरंभीचा यशस्वी प्रयत्न म्हटला पाहिजे.

ग्राहकाच्या नावाने आरेखन ओळखणे हे तेव्हा सोयीचे होते, कारण प्रत्येक भाग एकाच एंजिनाचा असे. परंतु अदलाबदल करता येण्याजोगे भाग घडविण्याची कल्पना रुजू लागताच ही सोय संपली. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां ह्याने बंदुकांच्या बाबतीत, आणि पुढे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागाराने, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा उद्योग केला. ह्या कामात आरंभी प्रमाण मानला जाई तो नमुन्याची बंदूक आणि तिच्यावरून केलेले मापक ह्यांचा. कागदाचे महत्त्व दुय्यम होते. पुढे आरेखन हेच प्रमाण ठरले तेव्हा एकच खिळा दहा यंत्रांत बसू लागला होता. त्याला कोणत्या ग्राहकाचे नाव द्यावे? त्या भागाला स्वतःचे नाव असणे अपरिहार्य झाले.

२. मूळ आणि प्रत

सर जॉन हर्शल ह्याने १८४२ मध्ये लोहक्षारांच्या साह्याने निळे प्रकाशचित्र घेण्याची रीत शोधून काढली. १८७० नंतरच्या दशकांत हीच रीत ब्लूप्रिंट ह्या नावाने कारखान्यांत शिरली. पारदर्शक कापडावर वा कागदावर शाईने काढलेले ट्रेसिंग संस्कारित कागदावर ठेवून उन्हात धरावे आणि पाण्याने धुवावे, की निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची प्रत तयार होई. तोपर्यंत प्रत्येक प्रत हाताने गिरवावी लागे. ट्रेसिंगचे काम पुढेही हातानेच चालले. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांत ते बहुधा स्त्रिया करीत. मात्र एका ट्रेसिंगवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्लूप्रिंटची जागा अमोनियाच्या वाफेने उमटणाऱ्या प्रतींनी घेतली. भारतीय कचेऱ्यांत त्यांस अमोनिया प्रिंट म्हणत, आणि त्यांचा उग्र वास ज्याच्या स्मरणात नाही असा त्या काळचा ड्राफ्ट्समन विरळा.

ह्या शोधाने एक नवा भेद निर्माण केला. मूळ ट्रेसिंग एकच राहिले व ते कचेरीच्या अग्निरोधक कोठीत गेले. प्रती मात्र कारखानाभर पसरल्या. बदल करावयाचा तो मुळात, काम करावयाचे ते प्रतीवरून. हा भेद स्वच्छ होता, पण त्यात दोन धोके होते. पहिला असा की, प्रतीवरही खाडाखोड करता येई. धुण्याच्या सोड्याचे पाणी लेखणीने लावले की निळ्या कागदावर पांढरी रेषा उमटे. घाईत असलेल्या फोरमनने एखादे माप असे दुरुस्त केले, की कारखान्यात एक सत्य आणि कोठीत दुसरे, अशी स्थिती होई. दुसरा धोका ह्याहून गंभीर होता. मुळात बदल झाल्यावरही जुनी प्रत कोणाच्या तरी खणात पडून राही, आणि ती दिसावयास नव्या प्रतीसारखीच असे.

ह्यावरचा उपाय म्हणजे वितरणाची नोंदवही. कोणत्या आरेखनाच्या किती प्रती, कोणास व केव्हा दिल्या, हे तीत लिहिले जाई. नवी प्रत देताना जुनी परत घ्यावी, ती फाडून टाकावी अथवा तिच्यावर रद्द असा शिक्का मारावा, असा नियम असे. हा नियम पाळणारा दप्तरी हा चांगल्या कारखान्यातील एक महत्त्वाचा मनुष्य होता. इतिहासात त्याचे नाव सहसा आढळत नाही. पण त्याच्या दक्षतेवाचून कुशल अभियंत्याचे शहाणपण कारागिरापर्यंत सुरक्षित पोहोचले नसते.

३. उजवा खालचा कोपरा

आरेखनाचे नाव, क्रमांक, काढणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही, दिनांक आणि आवृत्ती ही माहिती ज्या चौकटीत भरतात तिला टायटल ब्लॉक म्हणतात. ती कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असते, आणि तेथेच का असते ह्यास कारण आहे. १९२२ मध्ये जर्मनीत डीआयएन ४७६ ह्या मानकाने कागदाचे आकार ठरवून दिले, ते पुढे जगातील बहुतेक देशांनी स्वीकारले. त्यांतील सर्वांत मोठा ए-शून्य हा कागद ८४१ × ११८९ मिलिमीटर असतो. त्याच्या घड्या ठरावीक क्रमाने घातल्या तर तो २१० × २९७ मिलिमीटरच्या पत्राएवढा होतो, आणि टायटल ब्लॉक नेमका दर्शनी भागावर येतो. शेकडो घड्यांच्या गठ्ठ्यातून हवे ते आरेखन न उलगडता शोधता यावे, अशी ही योजना आहे.

भारतात भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली, आणि अभियांत्रिकी आरेखनांच्या पद्धतीविषयीचे तिचे आयएस ६९६ हे मानक १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. रेल्वेने ही गरज त्याआधीच ओळखली होती. १९३० मध्ये रेल्वेची मध्यवर्ती मानक कचेरी निघाली. १९५७ मध्ये ती लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेत विलीन झाली. परळ-माटुंग्याच्या कर्मशाळांपासून दूरच्या प्रांतांतील कर्मशाळांपर्यंत एकाच क्रमांकाने एकच भाग समजला जावा, हा ह्या खटाटोपाचा हेतू होता.

आवृत्तीच्या अक्षरांविषयीचा एक संकेत भाषाभ्यासकांस विशेष रंजक वाटेल. अमेरिकी मानकांनुसार आवृत्ती दर्शविताना रोमन वर्णमालेतील आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही सहा अक्षरे वापरीत नाहीत. आय हे अक्षर एकासारखे, ओ व क्यू ही शून्यासारखी, एस हे पाचासारखे आणि झेड हे दोनासारखे दिसते; एक्स हे खाडाखोडीचेही चिन्ह आहे. मळकट प्रतीवर आणि अंधूक प्रकाशात वाचणाऱ्या मनुष्याचा येथे विचार झालेला आहे. सामान्य लिपी अशी संदिग्धता संदर्भाच्या बळावर सहज निभावून नेते. क्रमांकाला तसा संदर्भ नसतो; म्हणून त्याची वर्णमाला अधिक काटेकोर असावी लागते.

४. यौगिक क्रमांक आणि रूढ क्रमांक

भागास क्रमांक कसा द्यावा ह्याविषयी आरेखन-कचेऱ्यांत दोन पक्ष पडले, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, क्रमांक पाहताच भाग कळला पाहिजे. पहिले दोन अंक यंत्राचे, पुढील दोन भागाच्या जातीचे, नंतर धातूचा एक आणि शेवटी मापाचे, अशी रचना असावी. दुसरा पक्ष म्हणतो की, क्रमांकास काहीही अर्थ नसावा. नोंदवहीतील पुढचा रिकामा अंक तोच नव्या भागाचा क्रमांक.

भारतीय शब्दशास्त्रास हा वाद अपरिचित नाही. अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ लागतो तो शब्द यौगिक, जसा पाचक. अवयवांकडे न पाहता जो केवळ संकेताने अर्थ देतो तो रूढ. आणि ज्यात दोन्ही एकत्र येतात तो योगरूढ, जसा पंकज. चिखलात उगवणारे पुष्कळ काही असले तरी पंकज म्हणजे कमळच. पहिल्या पक्षाचा क्रमांक यौगिक आहे, दुसऱ्याचा रूढ. यास्काच्या निरुक्तात ह्याच स्वरूपाची चर्चा आहे. सर्व नामे धातूंपासून झाली असे शाकटायन व नैरुक्त मानीत. गार्ग्यास आणि काही वैयाकरणांस ते मान्य नव्हते. त्यांचा एक आक्षेप असा की, वाट आक्रमितो म्हणून घोड्यास अश्व म्हटले, तर वाट आक्रमणाऱ्या प्रत्येकास अश्व म्हणावे लागेल. आणि एकाच वस्तूच्या क्रिया अनेक असतील तर तिला तितकीच नावे द्यावी लागतील. यास्काने ह्या आक्षेपांस उत्तरे देऊन नैरुक्तांचा पक्ष राखला. भाषेपुरता हा निवाडा काहीही असो, कारखान्याच्या दप्तरात मात्र अनुभव गार्ग्याच्या बाजूने साक्ष देतो.

कल्पना करा की, पितळी बुशला धातूच्या जागी पितळेचा अंक घालून क्रमांक दिला. पाच वर्षांनी तोच बुश काशाचा करावयाचे ठरले. आता क्रमांक तसाच ठेवावा तर तो खोटे बोलतो. बदलावा तर ज्या ज्या यादीत तो आहे त्या सर्व याद्या बदलाव्या लागतात. शिवाय जातीसाठी दोनच अंक राखले असतील तर शंभरावी जात आली की रचनाच कोसळते. नावात वर्णन कोंबले की वर्णन बदलताच नाव संकटात येते. रूढ क्रमांकास हे भय नाही. त्याचे सर्व वर्णन नोंदवहीत वा कार्डांच्या पेटीत असते, आणि तेथे ते दुरुस्त करता येते. तथापि त्याचाही दोष आहे. नोंदवही हरवली तर रूढ क्रमांक मुका होतो. आणि कारागिरास तो लक्षात ठेवणे कठीण जाते. म्हणून अनेक कचेऱ्यांनी योगरूढ मार्ग स्वीकारला: आरंभी सहसा न बदलणारी स्थूल जात आणि पुढे निरर्थक अनुक्रम.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ३५ मिलिमीटर फिल्मवर आरेखनाचे सूक्ष्मचित्र घेऊन ती फिल्म ८० स्तंभांच्या छिद्रपत्रात बसविण्याची पद्धत आली. पत्रावरील छिद्रे हाच आरेखनाचा क्रमांक. यंत्र तो वाचून पत्रे लावी व निवडी. अशा यंत्रास ठरावीक लांबीचा, अपवाद नसलेला क्रमांक मानवतो. नावाची शिस्त मनुष्याच्या सोयीसाठी सुरू झाली होती. आता ती यंत्राचीही गरज बनली.

५. केव्हा नवे अक्षर, केव्हा नवे नाव

बदल झालेला भाग तोच भाग राहतो काय? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटला तरी आरेखन-कचेरीस तो रोज सोडवावा लागतो. तिचा नियम साधा आहे. जुना भाग आणि नवा भाग एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे बसविता येत असतील तर क्रमांक तोच ठेवून आवृत्तीचे अक्षर बदलावे. आकार, जुळणी अथवा कार्य ह्यांत असा फरक पडत असेल की एकाच्या जागी दुसरा चालणार नाही, तर नवा क्रमांक द्यावा. ह्यासोबत आणखी एक दप्तर लागते: हा भाग कोठे कोठे वापरला आहे, ह्याची यादी. तिच्यावाचून एका बदलाचा परिणाम कोठवर पोहोचतो हे कळत नाही.

हा बदल-विचार एक स्वतंत्र शास्त्र म्हणून पुढे आला तो क्षेपणास्त्रांच्या आणि अवकाशयानांच्या कामातून. अमेरिकी हवाईदलाने १९६२ मध्ये आणि नासाने अपोलो कार्यक्रमासाठी १९६४ मध्ये ह्याविषयीच्या नियमपुस्तिका काढल्या. हे सारे दप्तर प्राधान्याने कागदाचे होते. त्याचे यश चंद्रावर उमटले. त्याची मर्यादा अपोलो १३ मध्ये दिसली. यानाच्या प्राणवायूच्या टाकीतील तापकाचे सुरक्षा-स्विच २८ व्होल्टसाठी केलेले होते. १९६५ मध्ये टाकीचे विनिर्देश बदलून, प्रक्षेपणतळावरील उपकरणांशी जुळावे म्हणून, ६५ व्होल्टचा दाब मान्य करण्यात आला. तो बदल स्विचपर्यंत पोहोचला नाही, आणि त्यानंतरच्या तपासण्यांतही ही विसंगती कोणाच्या ध्यानी आली नाही. मार्च १९७० मध्ये टाकी रिकामी करताना तापक अनेक तास चालू ठेवावा लागला. स्विच वितळून जखडला, टाकीच्या आतील तारांचे आवरण होरपळले, आणि १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या वाटेवर त्या टाकीचा स्फोट झाला. तिघे अंतराळवीर जिवानिशी परत आले ते विलक्षण प्रयत्नांनी. दोन कागदांपैकी एक बदलला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला दुसरा तसाच राहिला, एवढेच ह्या अनर्थाचे मूळ होते.

६. फाइलीचे नाव

इव्हान सदरलँड ह्याने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड हा कार्यक्रम सादर केला, आणि पडद्यावर आरेखन करता येते हे जगाने पाहिले. १९८२ मध्ये ऑटोकॅड आल्यावर हे साधन लहान संगणकावर, म्हणून लहान कचेऱ्यांतही, पोहोचले. त्या काळच्या डॉस प्रणालीत फाइलीच्या नावास आठ अक्षरे आणि प्रकार दर्शविणारी तीन अक्षरे एवढीच जागा असे. ही टंचाई एका अर्थाने उपकारक होती. एवढ्या जागेत क्रमांकाखेरीज काही मावतच नसे. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने लांब नावांची मुभा दिली, आणि त्याबरोबर अंतिम, अंतिम-नवे, अंतिम-दुरुस्त अशा नावांच्या फाइलींचा सुकाळ झाला. अंतिम हे विशेषण आहे. पुढच्या बदलासरशी ते असत्य होते. यौगिक नावाचा जुना दोषच येथे नव्या वेषात अवतरला.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, मूळ आणि प्रत हा भेद नाहीसा झाला. ट्रेसिंग आणि प्रिंट हाताला वेगळे लागत. फाइल आणि तिची नक्कल ह्यांत तसा काहीच फरक नसतो. शिवाय आरेखने एकमेकांत गुंतली. कागदावरील जुळणीचे आरेखन भागाचा क्रमांक केवळ उल्लेखीत असे. संगणकावरील जुळणीची फाइल भागाची फाइल तिच्या नावाने व जागेने शोधून प्रत्यक्ष उघडते. कोणी मधल्या फाइलीचे नाव बदलले तर जुळणीत तो भाग सापडत नाही. पूर्वी नाव चुकले तर मनुष्य विचारून घेई. यंत्र विचारीत नाही.

ह्या परिस्थितीत विशेष प्रणालीवाचून काम करणाऱ्या कचेऱ्यांनी जी व्यवस्था बसविली ती जुन्या कोठीचीच नवी आवृत्ती आहे. सामाईक संगणकावर चालू कामाचा, तपासणीचा, मंजूर आरेखनांचा आणि रद्द आरेखनांचा असे चार कप्पे करावेत. मंजूर कप्प्यात लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस द्यावा. बाकीच्यांनी तो फक्त वाचावा. क्रमांक नोंदवहीतून, म्हणजे आता एक्सेलच्या तक्त्यातून, घ्यावा. आवृत्तीचे अक्षर फाइलीच्या नावात घालावे की नाही, हा येथील खरा पेच आहे. घातले तर प्रत्येक आवृत्तीबरोबर जुळणीचे दुवे तुटतात. न घातले तर नवी फाइल जुनीस पुसून टाकते. ह्यावरचा व्यवहार्य तोडगा असा की, चालू फाइलीस केवळ क्रमांकाचे नाव असावे, आणि मंजुरीच्या वेळी तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइलींसह तिची नक्कल आवृत्तीचे अक्षर लावलेल्या स्वतंत्र कप्प्यात कायमची ठेवावी. कारखान्यात जावी ती पीडीएफ प्रत, अक्षरासह. दोघांनी एकाच वेळी एक फाइल उघडून बदल करू नयेत म्हणून कोणती फाइल कोणाकडे आहे, हे तक्त्यात लिहावे. कारखाना लहान असेपर्यंत आणि माणसे एकमेकांस ओळखत असेपर्यंत ही व्यवस्था टिकते. माणसे वाढली, दुसऱ्या गावी दुसरी कचेरी निघाली, की नोंद करावयाची राहून जाते, आणि मग प्रणालीची गरज खरोखर निर्माण होते.

७. उपसंहार

परंतु प्रणाली आली म्हणजे संकेताची जबाबदारी संपते, असे समजणे घातक आहे. ह्याचे उदाहरण संगणकीय साधनांची उणीव नसलेल्या जनरल मोटर्स ह्या उद्योगाचे आहे. तिच्या काही मोटारींतील किल्लीचा स्विच धक्क्याने वा किल्ल्यांच्या ओझ्याने सरके. त्यामुळे एंजिन बंद पडे आणि अपघातात संरक्षक हवापिशव्या उघडत नसत. २००६ मध्ये त्या स्विचच्या आतील भागात सुधारणा मंजूर झाली, पण क्रमांक तोच ठेवण्यात आला. परिणामी जुना सदोष स्विच आणि नवा स्विच एकाच नावाने वावरू लागले. पुढील वर्षांच्या मोटारींत दोष कमी का दिसतो, ह्याचे कोडे तपास करणाऱ्यांस उलगडेना. कारण दप्तराच्या म्हणण्याप्रमाणे काहीच बदललेले नव्हते. अखेर २०१३ मध्ये एका न्यायालयीन दाव्याच्या निमित्ताने दोन स्विच प्रत्यक्ष उघडून तुलना झाली, तेव्हा सत्य कळले. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख मोटारी परत मागविण्यात आल्या, आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीने ह्या दोषाशी संबंधित १२४ मृत्यू मान्य केले.

दोन भिन्न वस्तूंस एक नाव मिळणे ह्यास भाषेत अनेकार्थता म्हणतात, आणि काव्यात तिच्यामुळे श्लेषाचे सौंदर्य निर्माण होते. आरेखनाच्या दप्तरात ती प्राणघातक ठरू शकते. नोंदवही, निळी प्रत, छिद्रपत्र, फाइल आणि प्रणाली ही साधने एकामागून एक आली. पुढेही नवी येतील. त्या सर्वांस सामग्री पुरविणारे कर्म मात्र तेच राहिले आहे: वस्तू बदलली, हे कोणीतरी ध्यानात घेऊन प्रामाणिकपणे लिहून ठेवणे. ते कर्म झाले तर शाळेची एक वहीही पुरी पडते.